शेवटून तिसरं अक्षर

मला इटालियन शिकायला पाठवलं ते कंपनीने, आणि त्यात कौतुकाचा भाग काहीच नव्हता. सातपूरला आमचा कारखाना होता, मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मालकांनी इटलीहून एक मोठी, तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक प्रेस मागवली. प्रेसबरोबर ती बसवून द्यायला तिकडचा एक फिटर येणार होता आणि त्याला इंग्रजीचा गंध नव्हता. मुंबईहून दुभाषा आणायचा तर त्याला हॉटेलात ठेवावं लागतं, त्याचे नखरे सांभाळावे लागतात. ड्रॉइंग ऑफिसात मी एकटी बाई, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, लग्न न झालेली. म्हणजे संध्याकाळी मला काही काम नसणार, असं आमच्या प्लान्ट मॅनेजर साहेबांनी स्वतःच ठरवून टाकलं.

"तुम्ही बायका भाषा पटकन उचलता," साहेब म्हणाले. "आठ-दहा महिने आहेत हातात. करून टाका."

जणू पोळ्या लाटायच्या होत्या.

शिकवणारी सापडली शरणपूर रोडच्या मागच्या ख्रिस्ती वस्तीत. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. मूळच्या संगमनेरकडच्या. तरुणपणी ख्रिस्ती जोगीण, म्हणजे नन होऊन रोमला गेल्या, तिथल्या मठाच्या शाळेत बरीच वर्षं लहान मुलांना वाचायला शिकवलं, मग मठ सोडून परत आल्या. का सोडला हे मी कधी विचारलं नाही. अंगावर सुती साडी, पांढरे केस आखूड कापलेले, आणि टेबलावर एक लाकडी पट्टी. ती पट्टी मारायला नव्हती. ती जोर दाखवायला होती. शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर, तिथे पट्टी टेबलावर आपटायची. शेजारच्या घरातलं तान्हं मूल रोज आमच्या तासाला दचकून उठायचं आणि त्याची आई खिडकीतून आमचा उद्धार करायची.

पहिले कित्येक दिवस सिस्टरांनी मला एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. नुसते शब्द तोडायला लावले.

"तोड," त्या म्हणायच्या. "आधी तोडता येऊ दे. अर्थ कुठे पळून जात नाही."

मी देवनागरीत लिहून घ्यायचे आणि तिथेच फसायचे. गाण्याला इटालियनमध्ये कांतो म्हणतात. मी लिहिलं, का-न्तो. आपलं जोडाक्षर पुढच्या अक्षराला चिकटतं, लहानपणापासून हात तसाच वळलेला. सिस्टरांनी खडूने मध्ये रेघ मारली. "कान्, तो. न मागच्या घरचा आहे. त्याला मागेच राहू दे." मग रात्र म्हणजे नोत्ते आला. जोड व्यंजन आलं की एक इकडे, एक तिकडे, नोत्-ते. एवढं डोक्यात बसवलं तोवर पास्ता आला. मी मोठ्या ऐटीत पास्-ता असं तोडलं.

"चूक! स पुढच्याचा हात धरतो. पा-स्ता. खिडकी म्हणजे फि-ने-स्त्रा."

"पण मग न का नाही धरत?"

"कारण तो न आहे!" पट्टी आपटली. बाळ रडलं.

इटलीचं नाव त्या ई-ता-लिया असं तीन तुकड्यांत म्हणायच्या, शेवटचं लिया एका दमात. औषधाच्या दुकानाचं नाव मात्र फार-मा-ची-आ, चार तुकडे, कारण तिथे ची वर जोर पडतो आणि जोर पडला की ते अक्षर शेजाऱ्याशी जुळवून घेत नाही.

जोराचं प्रकरण याहून कठीण होतं. "आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखं वाढतो," सिस्टर म्हणाल्या, "पंगतीला बसल्यासारखं. इटालियन माणूस प्रत्येक शब्दात एकाच्याच पानात तूप ओततो. कोणाच्या, ते तुला कळलं पाहिजे." बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर. त्यांना तिकडे सपाट शब्द म्हणतात. काहींत शेवटच्याच अक्षरावर, ते तुटके शब्द. त्यांच्यावर लिहिताना खूण करतात, त्यामुळे ते सोपे. आणि काहींत शेवटून तिसऱ्यावर. त्यांना घसरडे शब्द म्हणतात, आणि त्यांच्यावर कसली खूण नसते. ते ऐकूनच पाठ करायचे. टेबल म्हणजे ता-वो-लो, जोर ता वर. मी वो वर द्यायचे. परका माणूस हटकून इथेच पडतो, म्हणून तर ते घसरडे, असं सिस्टरांचं म्हणणं.

त्यातच त्यांनी मला एक नियम घोटून दिला. 'ते करतात, ते जातात' अशा अनेकवचनी क्रियापदांत जोर जागचा हलत नाही. एकवचनात जिथे, तिथेच राहतो. पेर्दे म्हणजे हरवतो, गमावतो, आणि नळी किंवा टाकी असेल तर गळते. अनेकवचन पेर्दोनो. जोर पेर् वर, शेवटून तिसऱ्यावर. "आणि हाच शब्द दो वर जोर देऊन म्हटलास, तर त्याचा अर्थ होतो क्षमा. लिहायला दोन्ही सारखे. कान उघडे ठेव."

मी कान उघडे ठेवले. दमून कारखान्यातून यायचे, बसमध्ये उभ्याने शब्द तोडत यायचे. बाजूच्या बायका माझ्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे बघून सरकून उभ्या राहायच्या. मला ते आवडू लागलं होतं. हे सांगायला हवं, कारण पुढे त्या आवडीचं त्या लोकांनी जे केलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जावा असंही मला वाटत नाही.

फिटर आला तो साठीच्या आसपासचा, बुटका, जाड भुवयांचा माणूस होता. मला सिन्योरीना म्हणायचा आणि मी चुकीच्या अक्षरावर जोर दिला की कानात पाणी गेल्यासारखी मान झटकायचा. प्रेस बसवायला त्याच्या हाताखाली आमचा एक ऑपरेटर दिला होता. पेठकडच्या डोंगरातला, तिशीतला, घरची भाताची थोडी शेती सोडून सातपूरला आलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यांचं माझ्यावाचून छान चालायचं. एकाने हात पुढे केला की दुसरा बरोबर तोच पाना ठेवायचा.

प्रेस उभी राहिली. चाचण्या सुरू झाल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी फिटर तणतणत साहेबांच्या केबिनमध्ये शिरला, मागे मी, आणि दाराशी तेलकट हात फडक्याला पुसत ऑपरेटर.

"ले ग्वार्नित्सियोनी पेर्दोनो," फिटर म्हणाला. पेर् वर असा जोर दिला की सिस्टरांची पट्टीच आपटली. "दोमानी नो."

मी साहेबांना सांगितलं, "सर, सील गळताहेत. ते म्हणतात, उद्या मशीन चालवायची नाही."

"किती गळतंय?"

मी विचारलं. फिटरने बोटाने थेंब दाखवला, मग मूठ वळून झटकन उघडली. आज थेंब आहे, दाब वाढला की फुटेल. नवी सील इटलीहून मागवावी लागतील, तोवर बंद. मी सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "उद्या पुण्याची पार्टी येणार आहे प्रेस बघायला. त्यांना काय बंद मशीन दाखवू? पूजा करून हार घालून?"

"पण सर, ते स्पष्ट नाही म्हणताहेत."

"कळलं मला. गळतंय. ऐकू आलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. बंद ठेवू. सांगा त्यांना."

मी फिटरला सांगितलं. त्याने साहेबांशी हात मिळवला आणि समाधानाने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला गेटवरच गाठलं. कंपनीची गाडी उभी होती. "आपल्या इटालियन पाहुण्यांना पांडवलेणी दाखवून आणा. आज मशीन बंद आहे, बसून कंटाळतील. जेवण बाहेरच करा. घाई करू नका."

मला बरंच वाटलं. कारखान्याच्या वेळात लेणी बघायला कोण पाठवतं? मी फिटरला म्हटलं, मशीन बंद आहे, आज सुट्टी. तो खूष. लेण्यांच्या पायऱ्या चढताना धापा टाकत होता, प्रत्येक खांबावर हात फिरवून दगड कसा कापला असेल याचा विचार करत होता. वर पोचल्यावर त्याने खाली पसरलेल्या कारखान्यांच्या पत्र्यांकडे बघून विचारलं, "ला प्रेस्सा? स्पेन्ता?" बंद आहे ना नक्की?

"स्पेन्ता," मी म्हटलं. त्या माणसाला ते खोटं माझ्या तोंडून ऐकवलं गेलं. मला बाहुली करून, माझ्याच जिभेने. आजही ते आठवलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं.

दुपार कलल्यावर आम्ही परत आलो. प्रेसपाशी कोणी नव्हतं. खाली लाकडाचा भुसा पसरला होता आणि भुसा तेलाने काळा झाला होता. मशीनच्या बाजूच्या पाइपला चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि वर हार तसाच लोंबत होता. फिटरने भुशाला बूट लावून बघितला आणि माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत मी खोटारडी ठरले होते.

"कोणाला लागलं का?" मी तिथल्या हेल्परला विचारलं.

"नाय, जास्त नाय. पार्टीसमोर थोडं तेल उडालं. आपल्या ऑपरेटरच्या हाताला लागलं जरा. पट्टी केलीये. कँटीनला बसलाय."

मी हे सांगितलं तसा तो म्हातारा पळत सुटला. कँटीनमध्ये ऑपरेटर डाव्या हाताने चहा पीत होता. उजव्या तळव्याला पांढरी पट्टी. फिटरने ती सरळ उलगडली. तळव्यात बारीक भोक होतं, बाभळीचा काटा टोचल्यासारखं. रक्तही फारसं नाही. फक्त हात वरपर्यंत ताठ आणि फिकट पडत चालला होता.

"ओस्पेदाले! सूबितो!" फिटर ओरडला.

"दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले.

सुपरवायझर म्हणाला, "अहो मॅडम, कंपनीच्या दवाखान्यात दाखवलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय. एवढंसं भोक तर आहे."

फिटरने त्याच्या शर्टाची बाही धरली आणि एकेक शब्द माझ्याकडून वदवून घेतला. तेल बाहेरून लागलेलं नाही. दाबाने आत घुसलंय. आत सगळं सडवत जाईल. वेळ गेला तर हात जाईल.

ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. "ताई, लय दुखत नाय हो," तो म्हणाला. "बधिर झालाय फकस्त."

ज्या गाडीने आम्ही लेणी बघून आलो होतो त्याच गाडीत त्याला घातलं. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनने पहिला प्रश्न विचारला तो, कधी लागलं? सकाळी, म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. हात वाचला. तीन बोटं काढावी लागली.

फिटरने मशीनला हात लावायचं नाकारलं आणि त्याच आठवड्यात तो इटलीला परत गेला. जाताना त्याने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने फक्त खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला नोटीस मिळाली. परदेशी तंत्रज्ञाच्या सूचनेचं चुकीचं भाषांतर करून व्यवस्थापनाची दिशाभूल केल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये. मी ती वाचून हसले. खरंच हसले, कारण काहीतरी टायपिंगची चूक झाली असं मला वाटलं. मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझाच शब्दकोश उघडा पडला होता, माझ्या टेबलावरून उचललेला.

"हे बघा," ते शांतपणे म्हणाले, "पेर्दोनो. अर्थ काय दिलाय? क्षमा. तुम्ही आम्हाला सांगितलंत, उशीर झाला म्हणून तो माफी मागतोय. आम्ही समजलो, सगळं ठीक आहे."

शब्दकोशात क्रियापदाची सगळी रूपं नसतात. 'गळतात' हे रूप तिथे सापडणारच नव्हतं. सापडणार होती ती फक्त क्षमा. हे त्यांना कोणी सांगितलं की त्यांचं त्यांनाच सापडलं, देव जाणे. पण त्यांनी ते किती बरोबर उचललं होतं!

"सर, तुम्ही 'गळतंय, ऐकू आलं' असं म्हणालात. याच खोलीत."

"मी? मला आठवत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही नवशिक्या आहात. चूक होते. तसं लिहून द्या, विषय संपेल. एक वॉर्निंग लेटर. नोकरी जाणार नाही, माझा शब्द."

मी लिहून दिलं नाही. चौकशी लागली. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीने एक निवृत्त वकील नेमले.

मी सिस्टरांकडे गेले. कागदावर सगळं तयार करून नेलं होतं. सपाट शब्द, घसरडे शब्द, एकवचन, अनेकवचन, दोन्ही उच्चार. मी त्यांना वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा तांबडा होत चालला होता.

"हे घेऊन तू तिथे जाणार?"

"हो. सिद्ध करून दाखवते की जोर पेर् वर होता."

"अगं वेडे!" त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "त्यांना माहीत आहे जोर कुठे होता. त्यांना मराठीत सांगितलंस ना तू? गळतंय म्हणून मराठीत सांगितलंस ना? मग इटालियन शब्दाचं काय घेऊन बसलीस? तू तिथे व्याकरण सांगायला लागलीस की ते तुला व्याकरणातच बुडवतील. एवढंच म्हण, मी सांगितलं, यांनी ऐकलं, आता खोटं बोलताहेत."

त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळलं. पण तो वकील माणूस मला कुठे बोलू देणार होता?

"हा शब्द दोन अर्थांनी लिहिला जातो का?" त्याने विचारलं.

"हो, पण उच्चार…"

"लिहायला सारखाच ना?"

"सारखाच. पण इथे लिहिलं कोणीच नव्हतं. आणि मी सरांना मराठीत..."

"म्हणजे चूक होणं शक्य आहे."

"शक्य आहे. झाली नाही."

"शक्य आहे," त्याने टायपिस्टला सांगितलं. टायपिस्टने तेवढंच टाइप केलं. मी पुढचं बोलत होते, तेव्हा यंत्र गप्प होतं. मी उठून टायपिस्टजवळ गेले आणि म्हटलं, पुढचंही टाइप करा. वकील म्हणाले, बाई, जागेवर बसा. मी उभीच राहिले. इटलीच्या कंपनीला पत्राने विचारलं होतं, त्यांचं मोघम उत्तर आलं होतं, आमच्या तंत्रज्ञाने योग्य त्या सूचना तोंडी दिल्या होत्या. कोणत्या, ते त्यात नव्हतं. त्यांनाही पुढची मशीन विकायची होती.

या चौकशीच्या मधल्या काळात एक दिवस ऑपरेटरची बायको माझ्या खोलीवर आली. मी तेव्हा अशोकनगरला एका कुटुंबाच्या घरात भाड्याने राहत होते. ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, साहेब घरी आले व्हते," ती म्हणाली. "म्हणले, तुमची चूक झाली आसं तुम्ही लिवून दिलं तं याला कायम ठेवत्याल. गेटवर बसायचं काम देत्याल. नाय दिलं तं केस लांबंल. याच्या हाताला आता कोण काम देईल?"

मी तिला काय सांगणार? ज्या माणसाने तिच्या नवऱ्याचा हात मशीनमध्ये घातला तोच आता माझ्याकडून सही आणायला तिला पाठवत होता. तिला वाटत होतं, अडथळा मी आहे. आणि तिच्या बाजूने बघितलं तर होतेच.

"मी विचार करते," मी म्हटलं.

"विचार काय करायचा? तुम्हाला दुसरी नोकरी मिळंल. तुम्ही शिकलेल्या हाय." ती रागाने निघून गेली. माझा राग तिच्यावर नव्हता. पण त्या रात्री मला साहेब समोर असते तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

माझ्यावर तो निर्णय घ्यायची वेळ आलीच नाही. पुढच्या तारखेला ऑपरेटर युनियनच्या माणसाबरोबर स्वतःच हजर झाला. हाताला अजून बांधलेलं होतं. वकिलांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"मी दाराशी व्हतो," तो म्हणाला. "ताईंनी सांगितलं, सील गळतंय, चालवू नका. साहेब म्हणले, ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी साहेबच मला म्हणले, पाइपाला फडकं गुंडाळ आन् चालव, पार्टी गेली की बंद करू. फडकं मी गुंडाळलं. या हातानं."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, झालं, आता काय राहिलं?

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की जखमी कामगाराची मनःस्थिती पाहता त्याच्या म्हणण्यावर पूर्ण विसंबता येत नाही. माझ्यावरचा आरोप 'अंशतः सिद्ध'. अंशतः! जसा काही शब्दाच्या एका तुकड्यात मी खरी होते आणि दुसऱ्यात खोटी. मला सेवेतून कमी केलं. युनियनने ऑपरेटरसाठी गेटसभा घेतल्या, घोषणा दिल्या, एक पाळी बंद पाडली, तेव्हा कुठे त्याला स्टोअरमध्ये घेतलं. साहेबांची बदली झाली ती वरच्या जागेवर. ऑपरेटरने काही वर्षं स्टोअरमध्ये काढली, मग स्वेच्छानिवृत्तीची लाट आली त्यात तो गावी परत गेला. त्याची बायको पुढे मला एकदा सातपूरच्या भाजीबाजारात दिसली. तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. तो साक्षीला गेला म्हणून ती त्याच्याशीही बरेच दिवस बोलली नव्हती, असं युनियनच्या माणसाने मला सांगितलं होतं. दोन शहाण्या माणसांमध्ये विष कालवायला साहेबांना घरी एक खेप पुरली.

मला इंजिनिअरिंगमध्ये पुन्हा कोणी उभं केलं नाही. सातपूर-अंबडला सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखतात. सिस्टरांनी मला त्यांच्याबरोबर शिकवायला घेतलं. त्यांचे गुडघे गेले तसा वर्ग हळूहळू माझ्याकडे आला. दोन हजार सालानंतर कॉलेज रोडला एका इमारतीत मी खोली घेतली. तोवर नाशिकची हवा बदलली होती. द्राक्षांची वाइन करणारे आले, हॉटेलांचे कोर्स निघाले, डिझाइन शिकायला मुलं मिलानला जाऊ लागली. त्यांना इटालियन हवी होती, तीही झटपट. मी त्यांना आधी तोडायला लावायचे. ती कंटाळायची. मी रागीट बाई म्हणून प्रसिद्ध झाले. हॉटेलच्या कोर्सचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढं अचूक कशाला, समोरच्याला समजलं की झालं ना?" त्या मुलाला मी इतकं बोलले की तो पुढचा आठवडाभर आला नाही. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

मग एका संध्याकाळी साहेब माझ्या दारात उभे होते.

केस पिकले होते, पोट सुटलं होतं. बरोबर मुलगी, विशीच्या आतली, हसऱ्या चेहऱ्याची. "ओळखलंत ना?" ते म्हणाले, जणू आम्ही एकाच गल्लीत वाढलो होतो. "माझी मुलगी. फॅशन डिझाइनला इटलीला जायचं म्हणते. मी म्हटलं, नाशकात शिकायचं तर तुमच्याकडेच. तुमच्यासारखं पक्कं दुसरं कोण शिकवणार?"

मी खुर्ची दिली नाही. "मला त्या दिवशी तुम्ही केबिनमध्ये काय म्हणालात," मी विचारलं, "ते आधी हिच्यासमोर सांगा."

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "अहो, जाऊ द्या ना. झालं गेलं. किती वर्षं झाली."

"झालं ते तुमचं. सांगा."

"आपण नंतर येऊ," ते मुलीला म्हणाले, आणि तिच्या कोपराला धरून जिना उतरले. उतरता उतरता बाईंची तब्येत बरी दिसत नाही असं काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाले असतील.

दोन-तीन दिवसांनी मुलगी एकटी आली. वर्ग सुटला होता, मी फळा पुसत होते.

"मॅडम, बाबांनी काय केलं होतं?"

तिला सांगावं की नाही, असा प्रश्न मला पडला नाही. तिचा काय दोष, असं लोक म्हणतील. दोष नव्हताच तिचा. पण विचारायला ती आली होती. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. सील, केबिन, लेणी, भुसा, कँटीन, तीन बोटं, शब्दकोश. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "आमच्या घरी ही गोष्ट माहीत आहे. म्हणजे, बाबा पाहुण्यांना नेहमी सांगतात. एक मुलगी होती, तिने 'गळतंय' च्या ऐवजी 'माफ करा' असं भाषांतर केलं, आणि केवढा घोटाळा झाला म्हणून. सगळे हसतात."

"ती मुलगी मी," मी म्हटलं.

मला तेव्हा कळलं की तो माणूस खोटं बोलून मोकळा झाला नव्हता. त्या खोट्याचा त्याने विनोद केला होता. त्याच्या दिवाणखान्यात इतकी वर्षं चहाबरोबर, फराळाबरोबर मला वाढलं जात होतं. आणि त्या गोष्टीत ऑपरेटर असायचा का? त्याचा हात असायचा का? मी तिला विचारलं.

तिने मान हलवली. "नाही. हाताचं कधीच सांगितलं नाही."

ती पर्स उचलून उभी राहिली. दाराशी थांबून काहीतरी बोलावं असं तिच्या मनात होतं, पण तिला शब्द सापडला नाही, आणि मीही तिला मदत केली नाही. ती गेली ती पुन्हा आली नाही. पुढे इटलीला गेली की नाही, माहीत नाही. घरी जाऊन बापाला काही विचारलं असेल का, याचा मी बरेच दिवस विचार करायचे. विचारलं असेल अशी आशा करायचे. जेवताना, सगळ्यांसमोर.

त्या संध्याकाळी ती गेली तेव्हा पुढची बॅच जिन्यात येऊन थांबली होती. मी त्यांना आत घेतलं.